चोविसावा बिल्ला

मी एक जुनी फळी आहे. उंची पाच फुटांच्या आत, रुंदी सव्वा हात, आणि अंगभर खिळे. मित्रांनो, सध्या मी कुठे असते हे मी अगदी शेवटी सांगणार आहे. आधीच सांगितलं तर तुमच्यातले निम्मे उठून आईजवळ जाऊन बसतील आणि उरलेले निम्मे धीट असल्याचा आव आणण्यात इतके गुंततील की माझं ऐकणारच नाहीत.

माझा जन्म दार म्हणून झाला. म्हणजे आधी मी 'ते' दार होते, मग 'ती' फळी झाले. व्याकरणाचा हा घोळ माझ्या नशिबी आला तो असाच. एका दगडी घराचं मी मागचं दार होते, बुटकं, एकाच रुंद फळीचं. पुढच्या दारानं पाहुणे यायचे, माझ्यातून मुलं, मांजर आणि पाण्याच्या बादल्या. पुढचं दार रंगवलेलं होतं. मला कधी रंग लागला नाही, पण घरातल्या गोष्टी मला जास्त कळायच्या.

त्या घरात पाच वर्षांची एक मुलगी होती. सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला सगळे शेंडेफळच म्हणत. पायाला भिंगरी लावल्यासारखी दिवसभर बाहेर असायची. तिच्या बापानं माझ्या अंगावर एक जाड खिळा ठोकला होता, तिचा हात पुरेल इतक्या खाली. बाहेर जाताना तिनं तिची पिवळी टोपी घालायची, घरी आली की त्या खिळ्यावर अडकवायची. आई कामातून मान वर करून माझ्याकडे बघायची. टोपी असली की पोर घरात, नसली की बाहेर. हाका मारायला नकोत, शोधायला नको. माझ्या त्या एका खिळ्यावर त्या बाईचा जीव टांगलेला असे, आणि याचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

मग खालच्या अंगाला धरण झालं. आमची वस्ती पाण्याखाली जाणार होती. आमचा दिवस ठरला, तीन गाड्या आल्या, सामान भरलं जाऊ लागलं. शेंडेफळ सकाळीच कुठेतरी गेली होती. विहिरीजवळ लपंडाव खेळताना टोपी तिथंच टाकून ती लपायला पळाली. तिच्या थोरल्या बहिणीला ती टोपी विहिरीजवळ पडलेली मिळाली. धाकटीला ओरडा बसू नये म्हणून तिनं गुपचूप ती झटकली आणि माझ्या खिळ्यावर अडकवून ठेवली.

मित्रांनो, यात काय चुकलं? बहिणीनं बहिणीची काळजी घेतली एवढंच. पण आई शेवटची खोली झाडून मागच्या दाराशी आली आणि तिला टोपी दिसली.

"आलं का शेंडेफळ?" ती म्हणाली. "काकाच्या गाडीत चढली असेल. तिला पुढं बसायचं असतं ना."

तिनं टोपी कनवटीला खोचली. काकाला वाटलं, पोर आईजवळ आहे. मला बिजागऱ्यांसकट उचकटून शेवटच्या गाडीत उताणं टाकलं. मी ओरडायला हवं होतं. पण दार वाजतं ते कुणी वाजवलं तर. वाटभर मला आभाळाशिवाय काही दिसलं नाही. पुढे कधी, कुठल्या वळणावर, त्यांना कळलं, ते परत फिरले का, तोवर पाणी कुठवर आलं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. दाराला कोण सांगतं? मला त्यांनी वाटेतच एका सुताराला देऊन टाकलं. मला बघितलं की त्या आईला उभं राहवत नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं मी सुताराच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून होते. तिकडे तळं भरलं, स्थिरावलं, त्याच्या काठी झाडं वाढली आणि मग शहरातली माणसं तिथं लाकडी घरं बांधून उन्हाळ्याला येऊ लागली. बघता बघता वीस-बावीस घरांची वसाहत झाली. शाळेला सुट्टी लागली की गाड्या भरभरून मुलं यायची. पाण्यात एक लाकडी धक्का बांधला, दूर खोलात साखळीनं एक तराफा बांधला, आणि मुलांवर लक्ष ठेवायला एक कवायतीचे मास्तर नेमले. ते दर उन्हाळ्यात तिथंच राहायचे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलांनी त्यांचं नाव शिट्टीकाका ठेवलं.

शिट्टीकाकांनी एक युक्ती काढली. दर मुलामागे एक पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर. एक बाजू पांढरी, एक लाल. पाण्यात उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, बाहेर आलं की पांढरा. बिल्ले टांगायला त्यांना फळी हवी होती. सुतार म्हणाला, "एक आहे पडून. खालच्या गावातली. लाकूड लोखंडासारखं आहे, पाण्यानं काही व्हायचं नाही तिला."

त्यानं माझ्यावर ओळीनं तेवीस खिळे ठोकले. खालचा तो जुना खिळा काढायला पक्कड लावली, तर पक्कड घसरून त्याचं बोट सोललं.

"राहू दे मेला तिथंच!" तो बोट चोखत म्हणाला, आणि त्या खिळ्यावर एक कोरा, बिननंबरी बिल्ला अडकवून दिला. "जास्तीचा म्हणून असू दे."

अशी मी धक्क्याच्या तोंडाशी उभी राहिले. मित्रांनो, ते दिवस काय सांगू! सकाळी नऊला पहिली शिट्टी वाजली की तेवीस मुलं माझ्या अंगावर तुटून पडायची. खडाखड बिल्ले फिरायचे. लाल, लाल, लाल! उड्यांनी धक्का हादरायचा. दुपारी निळे पडलेले ओठ, सुरकुतलेली बोटं, कठड्यावर वाळणारे पंचे, बर्फाच्या कांड्या चोखत बसलेली रांग, आणि लांबून कुणाच्या तरी घरातला रेडिओ. मुलं माझ्यावर खडूनं चित्रं काढायची. मला ते फार आवडायचं. दार असताना माझ्यावर कुणी चित्र काढलं नव्हतं.

शिट्टीकाकांचे नियम दोनच. पहिला, बिल्ला फिरवल्याशिवाय पाण्यात पाय नाही. दुसरा ते दररोज, न चुकता, पाढा म्हटल्यासारखा म्हणायचे.

"दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही!"

मुलं हसायची. मला हसू यायचं नाही.

तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात ते सुरू झालं. भर दुपार होती, वारा पडलेला, पाणी आरशासारखं. मुलं तराफ्याभोवती खेळत होती. माझ्याजवळ कुणीही नव्हतं. आणि माझ्या खालच्या खिळ्यावरचा कोरा बिल्ला हळूच हलला आणि लाल झाला.

शिट्टीकाका आले, त्यांनी तो बघितला. "कुणाचा हा चावटपणा?" म्हणून त्यांनी तो पांढरा केला. दुसऱ्या दुपारी तो पुन्हा लाल. मुलं एकमेकांवर ढकलू लागली. शेवटी काकांनी पाण्यातली डोकी मोजली. लाल बिल्ले कोरा धरून चोवीस होते, म्हणून त्यांना चोर पकडायचा होता. डोकी भरली चोवीस. ते चमकले, कारण वसाहतीत मुलंच तेवीस होती. पुन्हा मोजली. तेवीस.

"ऊन लागलं," ते स्वतःशी म्हणाले आणि टोपी ओली करून डोक्यावर ठेवली.

मुलांना मात्र ऊन लागत नव्हतं. मी त्यांचं बोलणं ऐकायची. "मघाशी पाठशिवणीत मला कुणी शिवलं रे?" "मी नाही." "मी पण नाही." "हात केवढा गार होता!" मग एखादी म्हणायची, "ती छोटी असेल," आणि खेळ पुढे सुरू व्हायचा. ती छोटी कोण, हे एकमेकांना विचारावं असं कुणाला वाटायचं नाही. लहान मुलांचं हे एक बरं असतं. खेळायला आलेल्याला ती पत्ता विचारत नाहीत.

आता भिंगरीची गोष्ट. वसाहतीच्या चादरी-पंचे धुणारी एक बाई होती. तिला सगळे चादरवाली मावशी म्हणायचे. तिची आठ वर्षांची मुलगी भिंगरी. ती पाण्यात माशापेक्षा चपळ होती, पण तिला बिल्ला नव्हता. बिल्ले घरवाल्यांच्या मुलांना, असा वसाहतीच्या सेक्रेटरींचा नियम. "उद्या गवळ्याचाही मुलगा येईल," असं ते म्हणाले होते. भिंगरी धक्क्यावर पाय सोडून बसायची आणि पायाची बोटंसुद्धा पाण्याला लावायची नाही. बघून जीव तुटायचा.

मग अकरा नंबरच्या मुलीचा कान दुखू लागला. तिला पाणी बंद झालं. ती भिंगरीच्या कानात म्हणाली, "माझा घे. मी इथं बसते. कुणाला सांगू नकोस." भिंगरीनं अकरा नंबर लाल केला आणि पाण्यात गेली. काकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. लाल बिल्ले आणि डोकी जुळताहेत ना, मग त्यांचं काही म्हणणं नव्हतं. आठ दिवस असे गेले. तो भिंगरीच्या आयुष्यातला सगळ्यांत सुंदर आठवडा होता आणि माझ्याही.

सुट्टीचा शेवटचा दिवस आला. जेवणं झाल्यावर पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन येऊ लागलं. घरोघरी सामान भरायची घाई. अकरा नंबरच्या मुलीला कानात कापूस घालून आधीच घरामागच्या गाडीत बसवलं होतं. तिचा मोठा भाऊ स्वतःचा पंचा न्यायला धक्क्यावर आला. त्याला बहिणीचा बिल्ला लाल दिसला.

"वेंधळीच आहे," तो हसून म्हणाला. "पाण्यात पाय नाही टाकला आणि बिल्ला लाल! काका ओरडतील तिला."

आणि त्यानं अकरा नंबर पांढरा केला.

मित्रांनो, माझ्या लाकडातून कळ गेली. तेच. अगदी तेच. तीच माया, तीच घाई. भिंगरी तेव्हा लांब तराफ्यापलीकडे शेवटची बुडी मारत होती. तिच्याजवळ खूण म्हणून जे काही होतं ते एका भल्या मुलानं हसत हसत पुसून टाकलं होतं, आणि हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं. मी एक फळी.

वारा सुटला. काकांनी लांब शिट्टी दिली. मुलं धावत आली, बिल्ले फिरले. काकांनी बोटानं तेवीस मोजले. सगळे पांढरे. त्यांनी होडी काठावर ओढून बांधली, वल्ही आत ठेवली आणि ते निघाले. लाटा उठायला लागल्या होत्या. त्या शिट्टीच्या वेळी भिंगरी पाण्याखाली होती. वर आली तेव्हा धक्क्यावर कुणीच नव्हतं.

काका दहा पावलं गेले असतील. मागून खट्‌ असा आवाज आला. ते वळले. माझ्या खालच्या खिळ्यावरचा कोरा बिल्ला लाल झाला होता.

"वारा," ते म्हणाले. परत येऊन त्यांनी तो पांढरा केला.

खट्‌. त्यांच्या डोळ्यांदेखत तो लाल झाला. आता वारा माझ्या पाठीकडून होता, बिल्ला माझ्या छातीवर होता. त्यांनी तो पुन्हा पांढरा केला आणि दोन बोटांनी दाबून धरला. त्यांच्या बोटांखाली तो थरथरत होता. मग त्यांनी हात काढला, जणू चटका बसला. खट्‌.

ते माझ्याशीच बोलले, अगदी हळू.

"कोण राहिलंय?"

मग त्यांची नजर अकरा नंबरवर गेली, तिथून धक्क्याच्या रिकाम्या कडेवर गेली, जिथं भिंगरी बसायची. आणि ते होडीकडे धावले.

भिंगरी त्यांना तराफ्याच्या साखळीला धरून असलेली सापडली. लाटा तिच्या डोक्यावरून जात होत्या. काकांनी तिला केसांना धरून होडीत ओढलं. धक्क्यावर तिची आई उभी होती, हातात ओल्या चादरीचं टोक तसंच. तिनं लेकीला आधी एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग अशी कवटाळली की काकांना म्हणावं लागलं, "अहो मावशी, श्वास घेऊ द्या तिला."

भिंगरी दात वाजवत म्हणाली, "मी घाबरले नव्हते. ती होती ना."

"कोण ती?"

"ती छोटी. तिनं माझा हात साखळीवर दाबून धरला होता. म्हणाली, सोडू नको, मी माझा बिल्ला लावलाय तुझ्यासाठी. आता ते येतील बघ." मग तिनं पाण्याकडे बघितलं. "काका, तिला नाही घेतलंत?"

काका परत होडीत चढले आणि त्या वाऱ्यात अर्धा तास तराफ्याभोवती फिरले. कुणी नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात नियम बदलला. शिट्टीकाकांनी सेक्रेटरींना सरळ सांगितलं, "घरवाला कोण, हे पाणी बघत नाही. सगळ्यांना बिल्ला द्या, नाहीतर शिट्टी तुम्ही वाजवा." चादरवालीच्या मुलीला, गवळ्याच्या मुलाला, सगळ्यांना बिल्ले मिळाले. भिंगरीला तो कोराच देऊ करत होते, चोवीस नंबर घालून. तिनं मान हलवली.

"तो नको. तो तिचा आहे."

मग तिच्यासाठी पंचविसावा खिळा ठोकला. चोविसावा बिल्ला कोराच राहिला आणि काकांनी त्याला पुन्हा कधी हात लावला नाही. तो कायम लाल असायचा. रोज संध्याकाळी सगळी मुलं घरी गेली की काका धक्क्याच्या टोकाला जाऊन आणखी एक शिट्टी द्यायचे. लांब, हळू. थोडं थांबायचे. मग निघून जायचे. वसाहतीतले मोठे लोक म्हणायचे, काकांना जरा वेड लागलंय. म्हणोत बापडे.

वर्षं गेली. काका थकले. भिंगरी मोठी झाली, पोहायला शिकवणारी झाली आणि शिट्टी तिच्या गळ्यात आली. मुलं तिला शिट्टीताई म्हणायची, मग शिट्टीमावशी. तिनं कितीतरी पिढ्या पाण्यात उतरवल्या आणि मोजून बाहेर काढल्या. रोज संध्याकाळी ती जास्तीची शिट्टी तिनं चुकवली नाही. पण माझ्याजवळ आली की तिचा चेहरा उतरायचा. "मला बाहेर काढलंस आणि स्वतः आतच," असं ती त्या बिल्ल्याला म्हणायची. केसांत पांढरं आलं तरी तिचं ते ओझं उतरलं नाही.

मग एक वर्ष असं आलं की तळं आटलं. धक्का कोरड्यात उभा राहिला, तराफा चिखलात टेकला, आणि खोलात जुनी वस्ती उघडी पडली. भिंती, विहिरीचा काठ, पायऱ्या. मुलांना मजा वाटली. वसाहतीतली मोठी माणसं मात्र खिडक्या लावून बसली.

भिंगरी एकटी खाली उतरून गेली. तासाभरानं परत आली ती चिखलानं माखलेली. माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या कडेवरच्या गंजलेल्या बिजागऱ्यांमधलं अंतर तिनं वितीनं मोजलं. साडेतीन वीत.

काठी टेकत काका आले तेव्हा ती म्हणाली, "काका, खाली एका घराच्या मागच्या चौकटीत दोन लोखंडी खुंट आहेत. साडेतीन वितींवर. ही फळी नाही हो. हे दार आहे. तिचं दार आपण वर आणून ठेवलंय, ती घरी जाणार कुठून?"

त्यांनी माझ्या अंगावरचे सगळे नंबर काढले. खिळा आणि कोरा बिल्ला तेवढा ठेवला. हातगाडीवर घालून मला खाली नेलं, उताणंच, आणि पुन्हा वाटभर मी आभाळ बघत होते. विहीर तिथंच होती. चौकट तिथंच होती. बिजागऱ्या खुंटांवर बसल्या, एकदा कुरकुरल्या आणि गप्प झाल्या.

काकांनी बिल्ल्याकडे बोट केलं. "पांढरा कर आता."

"मी नाही," भिंगरी म्हणाली. "दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. तुम्हीच शिकवलंत." ती खिळ्याच्या उंचीइतकी खाली वाकली. "छोटे, झालं पोहून. बाहेर आलीस की तूच फिरव."

तिनं दार लोटलं, कडी नाही लावली. आणि काकांनी ती लांब शिट्टी दिली. दोघं पाठमोरी चालत गेली. ऊन कलत होतं. मी वाट बघत राहिले, जशी त्या दिवशी कुणी बघितली नव्हती.

सकाळी भिंगरी आली. बिल्ला पांढरा होता. तिनं त्याला हात लावला नाही. ती माझ्या उंबऱ्यावर बसली आणि खूप वेळ रडली, आणि जाताना हलकी होऊन गेली.

पुढे पाणी पुन्हा चढलं. आधी उंबरा, मग खिळा, मग मी. होय मित्रांनो, मी पाण्याखालून बोलतेय. तुम्ही तराफ्यावरून उडी मारता ना, त्याच्या बरोबर खाली मी उभी आहे. वर तुमच्यासाठी नवी फळी आहे, प्लास्टिकचे बिल्ले आहेत. तिला नीट वागवा. ती नवी आहे, तिला अजून काही माहीत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. आपला बिल्ला आपल्या हातानं फिरवा. दुसऱ्याचा लाल दिसला तर मायेनंसुद्धा पांढरा करू नका, आधी विचारा, कोण राहिलंय? ज्याच्याजवळ बिल्ला नाही त्यालाही मोजा. दुपारी तुमच्यात एक डोकं जास्त भरलं तर घाबरू नका. एखादा गार हात पाठीला शिवला, तर पळा आणि खेळा. ती खेळायलाच येते. एक डोकं कमी भरलं, तर मात्र घाबरा, आणि ओरडा, मला तेव्हा येत नव्हतं तसं.

संध्याकाळची शेवटची शिट्टी मला खाली ऐकू येते. ती वाजली की थोड्या वेळानं मी लोटली जाते आणि माझ्या जुन्या खिळ्यावर इवलंसं ओझं येतं. आईनं नेलेली तीच टोपी आहे. ओली आहे, पण आहे.